वेटिंग मागेही सरकतं

प्रोजेक्ट ह्यूस्टनचा, घर न्यू जर्सीत. दर पंधरा दिवसांनी सोमवारी पहाटे नेवार्कचा एअरपोर्ट गाठायचा आणि गुरुवारी रात्री परतायचं. कंपनीच्या पैशाने का होईना, त्या धावपळीत युनायटेड एअरलाइन्सचं गोल्ड स्टेटस, म्हणजे नेहमीच्या प्रवाशांना मिळणारा वरचा दर्जा, पदरात पडलं. 2025च्या नियमाप्रमाणे त्याला 30 उड्डाणं आणि 10,000 पॉइंट लागत होते, आणि मूळ भाड्याच्या एका डॉलरला एक पॉइंट. नुसतं मैल मोजण्याचे दिवस गेले.

गोल्डला देशांतर्गत विमानात फर्स्ट क्लासचं फुकट अपग्रेड मिळू शकतं. ‘शकतं’ या शब्दाचा अर्थ मला पुढच्या तीन महिन्यांत कळला.

पहिल्यांदा अ‍ॅपवर अपग्रेडची यादी उघडली तेव्हा माझा नंबर सहावा होता. रात्री पाहते तर अकरावा! नागपूरला बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, वेटिंग मागे जातं का कधी? आमचं विदर्भ एक्स्प्रेसचं पुढेच सरकायचं." बाबांचं बरोबर होतं. रेल्वेत ज्याने आधी काढलं त्याचा नंबर आधी. इथे ती भानगडच नाही. आधी स्टेटसची पायरी बघतात, मग त्या पायरीवर तिकीट कोणत्या भाडेवर्गातलं आहे ते बघतात, आणि कोणी कधी मागितलं हे त्यानंतर कधीतरी. मी महिनाभर आधी तिकीट काढलेलं असलं, तरी माझ्यावरच्या पायरीवरचा एखादा आदल्या रात्री तिकीट काढून माझ्या पुढे उभा राहतो. गोल्डच्या वर प्लॅटिनम आणि त्याच्याही वर वनके. वनकेवाल्यांना अपग्रेड विमान सुटण्याआधी 96 तास मिळायला लागतं, प्लॅटिनमचं 72 तास, आमचं 48. आमची वेळ येईपर्यंत पंगतीत बहुधा मीठ-लिंबूच उरलेलं. शिवाय चेक-इन करताना थोडे जास्त पैसे भरून ती खुर्ची सरळ विकत घेणारेही असतातच.

यादीत आडनावाची पहिली तीन इंग्रजी अक्षरं आणि नावाचं एक अक्षर, एवढंच दिसतं. एकदा माझ्यासारखंच दुसरं नाव वर सरकलं आणि मी उगाच खूश झाले. आम्हा देशपांड्यांची आणि देशमुखांची पहिली तीन अक्षरं एकच, हे डोक्यातच आलं नव्हतं.

खरी चूक मात्र माझी होती. डेन्व्हरला नवऱ्याबरोबर जायचं होतं. गोल्ड असलेल्याच्या सोबतच्या एकालाही यादीत जागा मिळते, म्हणून दोघांची तिकिटं एकाच बुकिंगवर काढली. यादीत आम्ही पहिले-दुसरे. एक खुर्ची मोकळी झाली आणि आमच्या मागच्याला मिळाली. गेटवरच्या बाईंनी शांतपणे समजावलं, "तुम्ही दोघं एका पीएनआरवर आहात. सिस्टिम दोन खुर्च्या शोधते. एक असली की तुम्हाला ओलांडून पुढे जाते." बुकिंग वेगळं करून घेता येतं, फोन करून. मग जो वर असेल त्याला एक तरी मिळते.

आता जाताना बुकिंग वेगळं करून घेतेच. नवऱ्याला त्याचा राग येतो. "म्हणजे तू पुढे बसणार आणि मी मागे?" बेसिक इकॉनॉमीचं तिकीट तर मी त्यालाही घेऊ देत नाही. थोडे डॉलर वाचतात, पण त्यावर फुकट अपग्रेड नाहीच.

गेल्या महिन्यात ह्यूस्टनला जाताना नंबर चौथा होता आणि खुर्च्या तीन. गेटवर मशीनला बोर्डिंग पास लावला तर ते वाजलं आणि नवीन कागद बाहेर आला: 3 ई. पहिल्या तिघांपैकी कोणीतरी आलं नव्हतं. विमानात बसल्याबसल्या बाबांना मेसेज केला.

उत्तर आलं, "आरएसी कन्फर्म झालं म्हण की. जेवायला काय देतात?"