माठ गार पडतो तोवर: इंदूरचा उन्हाळा, गच्ची आणि स्वयंपाकघर

मे महिन्यात दुपारी तीन वाजता माठातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार असतं, आणि त्याच वेळी गच्चीवरची भेंडी मान टाकून उभी असते. दोन्हीचं कारण एकच, मालव्याची कोरडी हवा. मुंबईहून सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना हे उमगायला दोन दिवस लागतात. इथे घाम दिसतच नाही, येता येता वाळून जातो, आणि अंगातलं पाणी कमी झालंय हे डोकं धरल्यावर कळतं.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचावर आहे. मे महिन्यात दुपारी पारा ४० च्या पुढेमागे असतो, पण पहाटे २५ च्या आसपास उतरतो. ‘शब-ए-मालवा’ म्हणतात ते याच रात्रींमुळे. तेव्हा उन्हाळ्यात घराचं घड्याळ सरकवलेलं बरं. गच्चीवरची कामं सकाळी सातच्या आत, गॅसजवळची नऊच्या आत, अकरा ते पाच पडदे ओढून आत, आणि रात्रीचं जेवण गच्चीवर. दाल-बाफल्यांचा, म्हणजे डाळ आणि उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत करायचाच असेल तर तो रात्रीच. भर दुपारी तुपात बुडवलेले बाफले खाऊन मग उकाड्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

आधी माठ. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, बाहेर आलेलं वाळतं आणि वाळताना आतली उष्णता घेऊन जातं. म्हणून माठाला सावली जितकी हवी तितकाच वाराही हवा. ओट्याखाली किंवा बंद कोपऱ्यात ठेवलेल्या माठातलं पाणी कोमटच राहतं. नवा माठ २४ तास पाण्याने काठोकाठ भरून ठेवा, ते पाणी ओतून द्या, पुन्हा भरा, पुन्हा ओता. प्यायला तिसऱ्या दिवसापासून. खाली परातीत दोन बोटं ओली रेती असली की बूडही गार राहतं. बाहेरून ऑइलपेंटने रंगवलेला माठ शोभेचा, कारण रंगाने छिद्रं बुजतात. साबण आतून कधीच लावू नये, मातीत मुरतो. बोअरिंगचं पाणी भरत असाल तर महिन्याभरात माठावर पांढरी खार दिसू लागते आणि गारवा कमी होतो. काथ्याने नुसतं घासा, आणि शक्य असेल तर प्यायला नर्मदेचं पाणी भरा. १९७८ पासून नर्मदाकाठच्या जलूदहून उचलून आणलेलं हे पाणी बोअरिंगपेक्षा मऊ आहे.

कूलरही याच तत्त्वावर चालतो आणि बहुतेक घरांत चुकीचा चालतो. समोरची खिडकी चार बोटं उघडी नसेल तर ओली हवा खोलीत साचते आणि तासाभराने अंग चिकट होतं. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकायचं, एक तर डासांसाठी आणि दुसरं क्षारांसाठी. पाणी उडून जातं, क्षार मागे उरतात, आणि रोज वरून भर घालत राहिलं की टाकीत जवळजवळ खारं पाणी होतं. ‘वाया कशाला घालवायचं’ म्हणून ते कुंड्यांना घालतात आणि मग पानांच्या कडा का जळल्या याचा शोध लागत नाही. त्या पाण्याने अंगण धुवा. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र झाडांना खुशाल चालतं, त्यात क्षार जवळपास नसतात.

आता कुंड्या. इंदूरच्या गच्चीवर उन्हाळ्यात झाडं मरतात ती बहुतेकदा पाणी घालत असतानाच मरतात, आणि याला जबाबदार काळी माती. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. एप्रिलच्या अखेरीस मातीचा गोळा कुंडीच्या भिंतीपासून सुटतो आणि बोटभर फट पडते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट खालच्या भोकातून बाहेर येतं. पाणी खालून आलं म्हणून माणूस खूश, गोळा आतून कोरडाच. ओळखायला सोपं आहे: पाणी घातल्या घातल्या खालून धार लागली की समजायचं. अशी कुंडी टबात ठेवून काठापर्यंत पाणी भरा, बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे २०-३० मिनिटं. मग फटीत खत-रेतीचं मिश्रण काडीने ठासून भरा. नव्या कुंडीसाठी काळी माती एक भाग, जाड रेती एक भाग, पूर्ण कुजलेलं शेणखत एक भाग आणि दोन मुठी भिजवलेलं कोकोपीट. शेणखत अर्धकच्चं असेल तर कुंडीत तापतं आणि मुळं भाजतात. हात घालून पाहा: गरम लागलं किंवा शेणाचा वास आला, तर अजून महिनाभर थांबा.

मातीवर दोन इंच गव्हाचा भुसा किंवा वाळका पाला पसरायचा, खोडाभोवती दोन बोटं जागा सोडून. खोडाला चिकटलेला ओला भुसा बुंधा कुजवतो. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या उन्हात भट्टी होतात. त्यांना पोतं गुंडाळा, किंवा मोठ्या मातीच्या कुंडीत बसवून मधली जागा रेतीने भरा. १२ इंची कुंडीला सकाळी दीड ते दोन लिटर पाणी पुरतं. नौतप्यात, म्हणजे २५ मेपासूनच्या नऊ दिवसांत, संध्याकाळी आणखी लिटरभर. नळीतलं पहिलं पाणी बादलीत सोडून द्या, दिवसभर तापलेली नळी झाडाला चहाच पाजते.

दुपारी तीन वाजता दुधी-दोडक्याची मोठी पानं लोळागोळा दिसतात. धावत जाऊन पाणी घालू नका. पानातून पाणी उडतं त्या वेगाने मुळं ते ओढू शकत नाहीत, एवढंच. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर संध्याकाळी पानं आपोआप उभी राहतील. सकाळी सात वाजताही मान खाली असेल, तेव्हा खरी तहान.

काय लावावं? भेंडी, गवार, चवळी, लाल माठ, दुधी, दोडका, काकडी. फेब्रुवारीच्या शेवटी पेरलेली भेंडी एप्रिलच्या मध्यावर हाती येते. बी रात्रभर भिजवून एका १२ इंची कुंडीत एकच रोप ठेवावं, दोन ठेवली तर दोन्ही किडकिडीत. शेंग बोटभर झाली की तोडायची, दिवसाआड. एक शेंग झाडावर जून झाली की पुढचा बहार मंदावतो. टोमॅटोचा हट्ट मे महिन्यात सोडून द्या. दिवसाचं तापमान ३५ च्या वर राहिलं की त्याचे पराग निकामी होतात आणि फुलं गळतात, कुठल्याही खताने हे थांबत नाही. कोथिंबीर ५० टक्के सावली देणाऱ्या हिरव्या जाळीखालीच, तीही तुऱ्यावर येण्याआधी उपटायची. पुदिना मात्र अर्ध्या सावलीत पसरत राहतो आणि पन्ह्यापासून ताकापर्यंत सगळीकडे लागतो.

दुधीची लहान फळं पिवळी पडून गळतात ही दरवर्षीची रड. रोग नसतो, परागीभवन झालेलं नसतं. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, तेव्हा मधमाश्या परतलेल्या असतात. हे काम घरातल्या मुलांना द्यावं, त्यांना आवडतं. सातच्या सुमारास लांब बारीक देठाचं नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे दुमडायच्या आणि ज्या फुलामागे इवलासा दुधी दिसतो त्या मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवायचं. एक नर फूल दोन-तीन माद्यांना पुरतं. लागलं असेल तर तीन-चार दिवसांत फळ खाली झुकून फुगायला लागतं. वेलावर नुसती नर फुलंच येत असतील तर सहा-सात पानांनंतर मुख्य शेंडा खुडा. बाजूच्या फुटव्यांवर मादी फुलं जास्त येतात.

कोरड्या हवेची खास कीड म्हणजे लाल कोळी. पानं धुळकट, वरून बारीक पिवळे ठिपके, पालथी केली की कोळिष्टकासारखी जाळी. सकाळी पानांच्या पाठीवर जोराची फवार मारली, तीन दिवस सलग, की निम्मं काम होतं. उरलेल्यासाठी एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ मिली पातळ साबण, फवारणी सूर्यास्तानंतरच. दिवसा मारलं की तेलाने पानंच भाजतात.

मोगऱ्याला मात्र जाळी नको, त्याला पाच-सहा तास कडक ऊनच लागतं. छाटणी जानेवारीच्या अखेरीस झालेली असावी, ती राहिली असेल तर आता प्रत्येक बहारानंतर टोकाची दोन-तीन पानं खुडत राहा. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर ती लोहाची कमतरता आहे. क्षाराच्या पाण्यामुळे मातीतलं लोह मुळांना मिळत नाही. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि लिंबाचे चार थेंब, संध्याकाळी फवारायचं, दहा दिवसांनी पुन्हा. फरशीवर सांडलं तर गंजाचा डाग जात नाही. औषध न मारलेल्या झाडाच्या दोन कळ्या धुऊन माठात सोडाव्यात, वाळ्याची जुडी असेल तर मग काही बोलायलाच नको.

स्वयंपाकघरातला ओला कचरा याच गच्चीवर जिरवता येतो, आणि इंदुरात राहून तो न जिरवणं जरा लाजिरवाणंच आहे. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली ती इथल्याच संस्थेतून. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात, यशवंत वाड यांच्यासारख्या सहकाऱ्यांसोबत, ती इथे घडवली. तत्त्व असं: वाळका पालापाचोळा, वर हिरवा ओला कचरा, वर शेण आणि राख-माती, असे थर लावायचे आणि ढीग १५, ३० व ६० व्या दिवशी पलटायचा. तीन महिन्यांत खत तयार. घरी भोकं पाडलेल्या ड्रममध्ये एक भाग ओल्याला दोन भाग वाळकं घ्या. मार्च-एप्रिलमध्ये झडलेला पाला पोत्यात भरून ठेवला असेल तर तो आता सोनं. आंब्याच्या सालींवर चिलटं येतात, म्हणून प्रत्येक वेळी वर पाल्याचा जाड थर. मे महिन्यात वासापेक्षा मोठी अडचण म्हणजे ड्रम कोरडा पडून काम थांबतं. मूठभर काढून पिळा. हात ओला झाला पण थेंब पडला नाही, तर बरोबर.

पन्हं दोन प्रकारचं होतं आणि मालव्यातल्या मराठी घरांत दोन्ही होतात. उकडलेलं आपलं, भाजलेलं इथलं. उकडण्यासाठी कैऱ्यांचे देठ कापून तासभर पाण्यात ठेवा, नाहीतर चिकाने घसा खवखवतो. कुकरमध्ये भांड्यात पाणी न घालता दोन शिट्ट्या. गर चाळणीतून काढला तर दोरे राहत नाहीत. एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या किसलेला गूळ, गर गरम असतानाच, म्हणजे गूळ वेगळा वितळवावा लागत नाही. अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा वेलदोडा, चार काड्या केशर. हा अर्क फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो, पेल्याला तीन चमचे. भाजलेल्यासाठी कैरी थेट आचेवर साल काळी पडेपर्यंत फिरवायची, १०-१२ मिनिटं. गरात सैंधव, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि वाटलेला पुदिना. उन्हातून आलेल्याला हे द्यावं, चैत्रातल्या हळदीकुंकवाला ते.

आंबेडाळ करताना हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून पूर्ण निथळा आणि पाणी न घालता भरड वाटा. एका वाटी डाळीला अर्धी वाटी किसलेली कैरी, तीन मिरच्या, मीठ, चिमूट साखर, ओलं खोबरं. हिंग-मोहरी-हळदीची फोडणी गार करून घाला. गरम ओतली की डाळ अर्धवट शिजून गिच्च लागते. कच्ची डाळ या उकाड्यात तीन तासांत आंबते, तेव्हा सकाळी करून संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी ठेवू नका. दह्याचंही तसंच. हिवाळ्यात लिटरभर दुधाला दोन चमचे विरजण लागतं, आता अर्धा चमचा, आणि चार तासांत लागलं की लगेच फ्रिजमध्ये.

कुरडया मात्र या हवेचीच देणगी. गहू तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. एक दिवस विसरलात तर आंबूस वास तळल्यावरही जात नाही. वाटून, गाळून, रात्रभर चीक खाली बसू द्यायचा, वरची निवळ ओतून चीक वाटीने मोजायचा. जितका चीक तितकंच पाणी, त्यात मीठ नेहमीच्या निम्मं, कारण वाळल्यावर चव दाटते. पाण्याला उकळी आली की एकाने धार धरायची, दुसऱ्याने न थांबता ढवळायचं. गुठळी होते ती एकट्याने केल्यावर. झाकण ठेवून वाफ काढा. चीक पांढरट दिसतोय तोवर कच्चा, काचेसारखा झाला की शिजला. कच्च्या चिकाच्या कुरडया वाळताना तुकडे होतात. सोऱ्यात गरम असतानाच भरायचा, वर मलमलचं पातळ फडकं, कारण दुपारची आंधी सगळी धूळ इथेच आणून टाकते. पहिल्या संध्याकाळी उलटायच्या, तिसऱ्या दिवशी कडक वाजल्या की डब्यात.

वाळवणाचं हे सगळं मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत उरकावं. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एखाद्या सकाळी माठातलं पाणी कालच्याइतकं गार लागत नाही. हवेत ओल आली. त्याच दिवशी डबे उघडून कुरडया-सांडग्यांना शेवटचं ऊन दाखवा, कुंड्यांचं पाणी निम्म्यावर आणा, भुसा उचलून कंपोस्टच्या ड्रममध्ये टाका आणि हिरवी जाळी सोडवून ठेवा.