सेंद्रियचे जादा पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही

महिन्याचं अख्खं वाणसामान सेंद्रिय दुकानातून भरलं तर बिल सहज दीडपट-पावणेदोनपट होतं. लोक दोन महिने ते भरतात आणि तिसऱ्या महिन्यात सगळंच सोडून देतात. त्यापेक्षा प्रत्येक जिनसाला दोन प्रश्न लावावेत. यावर शेतात आणि गोदामात नेमकं काय मारतात? आणि वर्षाला हा जिन्नस घरात किती किलो लागतो? फवारणी भरपूर आणि खप थोडा, अशा जिनसांपासून सुरुवात केली तर पैसे कमी जातात आणि उपयोग जास्त होतो. खाली दिलेले भाव हिशोबापुरते धरलेले आहेत. गावागणिक बदलतील, पण गणित बदलत नाही.

या हिशोबात पहिला नंबर लागतो लाल मिरचीचा, आणि नेमकी तीच कोणी सेंद्रिय घेत नाही. फुलकिडे, कोळी, बोकड्या, भुरी, फळकुज अशी मिरचीवरच्या रोग-किडींची रांग लांब असते, त्यामुळे फवारणी हंगामभर चालू राहते. शिवाय भाजी आपण निदान धुतो तरी. मिरचीचे देठ काढतो, उन्हात टाकतो आणि तशीच कांडपावर नेतो. चार माणसांच्या घरात वर्षाला दोन किलो मिरची पुरते. साध्या आणि सेंद्रिय मिरचीत किलोला २५० रुपयांचा फरक धरला तरी वर्षाचे जादा ५०० रुपये, म्हणजे महिन्याला चाळीसेक. उलट महिन्याला १५ किलो गहू लागत असेल आणि किलोमागे २२ रुपये जादा पडत असतील, तर वर्षाला जवळपास ४,००० रुपये जातात, तेही अशा पिकावर ज्यावर मुळातच फवारणी कमी असते.

हळदीचंही तेच. वर्षाला किलोभर हळकुंडं पुरतात. पॉलिश न केलेली मागा. ती मळकट, खरखरीत दिसतात, आणि चकचकीत पिवळ्या हळकुंडांचा चकचकीतपणाच संशयास्पद असतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये नवा माल येतो तेव्हा वर्षाचं घेऊन ठेवा. कांडपवाल्याकडे सकाळी पहिला नंबर लावा, नाहीतर आधीच्या गिऱ्हाइकाची पूड आपल्या मसाल्यात येते.

आता भाज्या. वांगी, भेंडी, कोबी, फ्लॉवर, ढोबळी आणि हिरवी मिरची, टोमॅटो यांच्यावर औषध जास्त पडतं. त्यामागचं कारण समजून घेतलं की पाठांतर करावं लागत नाही. वांग्यातली शेंडा आणि फळ पोखरणारी अळी आत शिरली की बाहेरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून फवारणी पुन्हा पुन्हा होते. त्यातच वांगी चार-पाच दिवसांनी तोडायची आणि भेंडी दिवसाआड, नाहीतर ती जून होते. औषधाच्या डब्यावर फवारणीनंतर इतके दिवस तोडणी करू नये असं छापलेलं असतं. ज्या भाजीची तोडणीच दिवसाआड आहे तिथे ते दिवस पाळले जाणं कठीण. थोडक्यात, सतत तोडल्या जाणाऱ्या किंवा अळी आत शिरणाऱ्या भाज्या सेंद्रिय घ्याव्यात. जमिनीखाली वाढणाऱ्या किंवा जाड सालीच्या भाज्यांना ही घाई नाही.

या भाज्या प्रत्येक वेळी सेंद्रिय घेणं परवडत नसेल तर त्यांचे वार कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. आठवड्यातून तीनदा होणारी भेंडी एकदा करा. उरलेल्या दिवशी सुरण, रताळी, लाल भोपळा, अळू, कच्ची केळी, केळफूल आणि फणसाच्या हंगामात कच्चा फणस. पावसाळ्याच्या तोंडावर आणि श्रावणापर्यंत टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, शेवळं, करटोली या रानभाज्या बाजारात येतात. यांना कोणी फवारत नाही आणि प्रमाणपत्रही लागत नाही. फक्त रस्त्याकडेला आणि नाल्याकाठी खुडलेला टाकळा नको. विकणाऱ्या बाईंना कुठून आणला ते विचारलं की त्या सांगतात. शेवळं, अळू, सुरण यांना चिंच किंवा आमसूल पाहिजेच. शेवळांत बोंडगी किंवा काकडं ही रानफळं घालायची पद्धत आहे तीही घसा खाजू नये म्हणूनच.

बाजारातली साधी भाजी धुताना एका लिटर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे दोन सपाट चहाचे चमचे, खाण्याचा सोडा घालून १२ ते १५ मिनिटं बुडवा आणि मग वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. वरवरचं औषध बऱ्यापैकी निघतं. आंतरप्रवाही औषधं मात्र झाडाच्या रसातून फळात गेलेली असतात, ती कशानेही धुतली जात नाहीत. कोबीची वरची तीन-चार पानं सरळ काढून टाका. साबण, डिटर्जंट कदापि नको. भाजी चिरल्यावर भिजवू नका, आधी अख्खी भिजवा.

द्राक्षांत सेंद्रियचा हट्ट सोडावा असं माझं मत आहे. आपल्या हवेत भुरी आणि केवडा हे रोग इतके येतात की खरी सेंद्रिय द्राक्षं थोडी आणि महाग. नाशिक-सांगलीकडची युरोपला जाणारी द्राक्षं औषधाच्या उर्वरित अंशाच्या तपासणीतून जातात. त्याच शिस्तीनं पिकवलेला ‘रेसिड्यू-फ्री’ माल स्थानिक बाजारातही मिळतो. तो सेंद्रिय नसतो, त्यात रसायनं वापरलेली असतात, पण तोडणीच्या वेळी अंश ठरलेल्या मर्यादेखाली असतो. विक्रेत्याकडे त्या बागेचा चालू हंगामाचा तपासणी अहवाल असेल तरच दोन पैसे जास्त द्या.

धान्यात पैसे वाचवायला सगळ्यात जास्त वाव आहे. सोलापूर-मंगळवेढ्याकडचा शाळू जमिनीतल्या ओलीवर येतो. बियाण्याला औषध लावतात, पण उभ्या पिकातली फवारणी भाजीपाल्याच्या मानानं फारच कमी. म्हणून सेंद्रियचा शिक्का नसलेली चांगली मालदांडी ज्वारी बिनदिक्कत घ्यावी. सुरगाणा, पेठ, जव्हार, मोखाडा, अकोले या डोंगरी भागातली नाचणी-वरईही तशीच, खताला पैसे नसल्यामुळे आपोआप कमी रसायनांची. चारातल्या दोन जेवणांत भाकरी आणली की गव्हाचा खर्चही खाली येतो. खपली गव्हाचं सध्या फार कौतुक आहे. साल काढायची मेहनत आणि कमी उतारा यामुळे तो दुप्पट-तिप्पट महाग पडतो, पण खपली म्हणजे सेंद्रिय नव्हे. रोजच्या पोळीला साधा लोकवन घ्या, खपली लापशी-खिरीपुरती.

गव्हाच्या बाबतीत खरी अडचण शेतात नसून साठवणीत आहे. गोदामातल्या धुरीपासून आणि दुकानातल्या पावडरीपासून वाचायचं तर मार्च-एप्रिलमध्ये शेतकऱ्याकडून नवा गहू घ्यावा. घरी आणल्यावर दोन-तीन कडक उन्हं द्या, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच कोठीत भरा. गरम धान्य भरलं तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. दहा किलोला ४०–५० मिली एरंडेल तेल हातानं चोळा, थरांमध्ये सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाला. पाला ओलसर राहिला तर फायद्याऐवजी नुकसान. तांदळाला बोरिक पावडर लावायची जुनी सवय अनेक घरांत आहे, ती बंद करा. पाऱ्याच्या गोळ्याही नकोत. सल्फासची गोळी तर घरात आणायचीच नाही, तिच्या वायूनं माणसं दगावतात.

हातसडीचा तांदूळ आणि कोणतंही पीठ मात्र वर्षाचं भरू नका. कोंड्यातलं तेल दोन-तीन महिन्यांत खवट होतं. डाळींत सेंद्रियपेक्षा अनपॉलिश मागणं पुरेसं आहे. तुरीचा दाणा शेंगेत झाकलेला असतो, त्यामुळे औषधाचा थेट मारा कमी आणि पॉलिशचा प्रश्न मोठा.

तेलाबद्दल एक हिशोब पाठच करून ठेवा. लाकडी घाण्यावर एक लिटर शेंगदाणा तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. दाणे १३० रुपये किलो धरले तर ३२५ रुपये नुसत्या दाण्यांचे. दीड किलोच्या आसपास पेंड उरते, तिचे साठेक रुपये वजा करा. राहिले २६५. त्यावर मजुरी, बाटली, वीज. मग कुणी ‘घाण्याचं शुद्ध शेंगदाणा तेल’ १९० रुपयांना देत असेल तर त्यात काय आहे ते ओळखता येतं. करडईत तेल कमी असल्यामुळे लिटरला साडेतीन-चार किलो लागते, हिशोब तसाच करा.

घाण्याचं म्हणजे सेंद्रिय असंही नाही. आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. बुरशी धरलेल्या दाण्यांतलं अफ्लाटॉक्सिन हे विष रिफायनरीत बऱ्याच अंशी निघून जातं, घाण्यावर ते निघत नाही. म्हणून घाण्याच्या तेलात दाण्याची निवड सगळ्यात महत्त्वाची. काळवंडलेले, सुरकुतलेले, कुबट वासाचे दाणे निवडून काढलेले असायला हवेत. स्वतः दाणे घेऊन घाण्यावर द्यायची सोय असेल तर उत्तम. एका घाण्याला किमान किती दाणे लागतात ते आधी विचारा. आणलेलं तेल चार-पाच दिवस स्थिर ठेवा, गाळ खाली बसला की वरचं अलगद ओतून घ्या. गाळासकट ठेवलेलं तेल लवकर खवट होतं. तळणाला हे तेल वापरणं परवडत नाही. महिन्याला तीन लिटरच्या जागी दोन लिटर लागेल असा स्वयंपाक ठेवला तर साध्या तेलाच्या खर्चाच्या फार वर जात नाही.

गुळात फिकट पिवळा रंग टाळा. हायड्रॉस पावडर घालून तो आणतात. बिनरसायनी गुऱ्हाळात मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरतात आणि गूळ तांबूस-तपकिरी होतो. पण काळा गूळ म्हणजे चांगला असंही नाही, करपलेला आणि शिळ्या उसाचाही काळाच होतो. जिभेवर खारट लागला किंवा करपट वास आला तर परत करा. सेंद्रिय गूळ पावडर ढेपेपेक्षा बरीच महाग असते. ढेप घ्या, किसणी घरात आहेच.

अंड्यांत फसवणूक उघड दिसते. कवचाचा तपकिरी रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. खरं गावरान अंडं साधारण ३५ ते ४५ ग्रॅमचं आणि एकसारखं कधीच नसतं. ट्रेमधली सगळी अंडी सारखी, तपकिरी आणि ५५–६० ग्रॅमची असतील तर तो गावरान माल नव्हे. सेंद्रिय बिस्किटं, सेंद्रिय नूडल्स, सेंद्रिय साखर यांवर एक रुपयाही घालू नये.

पाकिटबंद मालावर ‘जैविक भारत’ चिन्ह बघा. २०१७ च्या नियमांनुसार ते दोन वाटांनी मिळतं: बाहेरच्या संस्थेकडून तपासणी होणारी एनपीओपी आणि शेतकरी गटानं एकमेकांची तपासणी करायची पीजीएस. नुसतं ‘नॅचरल’, ‘फार्म फ्रेश’, ‘केमिकल-फ्री’ याला या बाबतीत काही अर्थ नाही. खर्च वाचवायचा तर ‘पीजीएस-ग्रीन’ शोधा. हा शिक्का असलेल्या मालाची जमीन अजून रासायनिकातून सेंद्रियकडे रूपांतराच्या काळात असते, हंगामी पिकांना हा काळ दोन वर्षांचा. शेती त्याच पद्धतीनं होते, पण पूर्ण शिक्का नसल्यामुळे शेतकऱ्याला भाव कमी मिळतो. तुम्ही थोडा जास्त दिलात तर दोघांचंही भागतं.

छोटा शेतकरी थेट ग्राहकाला विकत असेल तर प्रमाणपत्राची सक्ती नाही. म्हणून आठवडे बाजारात कागदापेक्षा प्रश्न कामाला येतात. आधी हे लक्षात ठेवा की शेतकरी बाजार म्हणजे सेंद्रिय बाजार नव्हे. ‘सेंद्रिय आहे का?’ असं विचारलं तर ‘हो’ शिवाय दुसरं उत्तर मिळणार नाही. ‘दादा, अळी आली की काय मारता?’ असं विचारा. ‘काहीच मारत नाही’ म्हणाले तर पुढच्या गाळ्यावर जा. खरं करणारा माणूस सांगतो, निंबोळी अर्क पाच टक्के, म्हणजे पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवायची, गाळून शंभर लिटर पाणी करायचं. जीवामृत या पातळ खताचं विचारलंत तर शेण दहा किलो, गोमूत्र पाच ते दहा लिटर, गूळ आणि बेसन एक-दोन किलो, बांधावरची मूठभर माती, दोनशे लिटर पाणी, हे तोंडपाठ असतं. यंदा काय आलं नाही, तेही विचारा. ज्याच्याकडे बाराही महिने फ्लॉवर आणि टोमॅटो आहेत, तो माल बाजार समितीतून उचलतो.

चांगला शेतकरी सापडला की सोसायटीतल्या आठ-दहा घरांनी मिळून धान्य मागवावं. दहा किलोवरचं गाडीभाडं भाव बिघडवतं, दोन क्विंटलवर ते किलोला दोन-तीन रुपयांवर येतं. भाजीची आठवड्याची टोपली मात्र जपून. ठरलेल्या पैशांत शेतात जे येईल ते, हा व्यवहार ऐकायला छान वाटतो, पण सलग तीन आठवडे दुधी आणि दोडका आला की निम्मी भाजी वाया जाते आणि स्वस्त टोपली महाग पडते. आधी महिनाभर अर्धी टोपली दोन घरांत वाटून घ्या. धान्याचे पैसे आगाऊ द्यावेत, निदान निम्मे. कापणीच्या वेळी शेतकऱ्याला रोकड लागते आणि आगाऊ रकमेवर तो किलोला दोन-तीन रुपये आपणहून सोडतो. पोती उघडताना वजनकाटा आपलाच हवा आणि माती-खडे किती निघाले ते तिथल्या तिथे कळवावं, म्हणजे पुढच्या वेळी तो चाळून पाठवतो.