कॅलेंडरवरचे झोपेचे आकडे

अकोल्याला आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आई दुधाच्या हिशेबाशेजारी अजून एक आकडा लिहिते. दादा रात्री किती तास झोपला, तो. सात, साडेसहा, सात. सलग दोन दिवस चार आला की ती मला पुण्याला फोन करते.

दादाला बायपोलर आजार आहे: कधी उन्माद, म्हणजे झोपेशिवायही न थांबणारा अतिउत्साह, तर कधी खोल नैराश्य. झोपेवर लक्ष ठेवायचं हे शहाणपण उशिरा आलं. 2016 च्या हिवाळ्यात दादा पहाटे तीनला उठून माळा आवरायचा आणि तरी दिवसभर तरतरीत. आठ महिने भिंतीकडे तोंड करून पडलेला मुलगा हसतोय, मावशीला आपणहून फोन करतोय, म्हणून आईने सत्यनारायण घातला. दहाव्या दिवशी त्याने एफडी मोडून तीन जुने ट्रॅक्टर ठरवले. आमच्याकडे शेती नाही. अडवलं तेव्हा तो बाबांच्या अंगावर धावून गेला.

तोवर त्याला फक्त नैराश्याच्या गोळ्या चालू होत्या. बायपोलरमध्ये नुसत्या त्या गोळ्यांनी कधीकधी माणूस उन्मादाकडे ढकलला जातो. पण कॉलेजात असताना तो एकदा आठवडाभर न झोपता कविता लिहीत बसला होता, हे डॉक्टरांना आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. आम्हाला ती हुशारी वाटली होती. याची टोचणी मला अजून आहे.

सकाळी हसला, संध्याकाळी रडला, की लोक 'बायपोलर' म्हणून मोकळे होतात. मला त्याचा राग येतो. उन्माद निदान आठवडाभर टिकतो, त्याचं सौम्य रूप चार दिवस तरी, नैराश्य दोन आठवडे किंवा कितीतरी जास्त. मधल्या काळात दादा अगदी दादा असतो.

आता तो लिथियमवर आहे. 1949 मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर वापरून पाहिलेलं हे औषध त्याला लागू पडलं, पण त्याला जपावं लागतं. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त तपासायला द्यायचं, थायरॉइड आणि किडनीही तपासायची. एका मे महिन्यात त्याला जुलाब लागले, त्यात कंबरदुखीसाठी त्याने दुकानातून आयबुप्रोफेन आणून घेतली. दोन दिवसांत हात इतके थरथरायला लागले की चहा बशीत सांडायचा, चालताना तोल जायचा. रक्तातलं लिथियम वाढलं होतं. तेव्हापासून डॉक्टरांना विचारल्याशिवाय वेदनाशामक नाही, निर्जळी उपास नाही, मीठ एकदम तोडायचं नाही.

परवा चुलतबहिणीची हळद होती. कालच्या चौकोनात पाच आहे, शेजारी दादाच्या अक्षरात 'हळद'. आई म्हणाली, आज नऊलाच दिवे बंद करते.