माइक खराब नव्हता! डेबियनवर लॅपटॉपचा आतला माइक चालू करतानाचा माझा अनुभव

लॅपटॉपमधून गाणी वाजतात, हेडफोनचा माइकही चालतो, पण लॅपटॉपचा स्वतःचा माइक सेटिंगमधे कुठंच दिसत नाही, असं तुमच्या लिनक्सवर (माझं डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार) होत असेल तर आधी कोणाला लॅपटॉप उघडू देऊ नका. मला तालुक्याच्या एका दुकानात सरळ सांगितलं की माइक गेला, स्क्रीन खोलून बदलावा लागते, दीड हजार लागतील. माइक अगदी चांगला होता, आजही तोच चालू आहे आणि एक रुपया लागला नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याकडं राहतो आणि आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचं कागदपत्राचं काम पाहतो. तुरीच्या भावाची बोलणी आता व्हिडिओ मीटिंगवर होतात अन तिथं मी एकटा नसतो, चार-पाच जण लॅपटॉपभोवती बसतात. म्हणून "हेडसेट घेऊन टाका ना भाऊ" हा सल्ला ऐकला की माझं डोकं तापायचं, एका माणसाच्या डोक्यावरच्या हेडसेटमधून पाच जण कसे बोलणार? तिकडून खरेदीवाला म्हणे, "भाऊ, तुम्ही दिसून राहिले पण आवाज काहीच येऊन नाही राहिला," आणि इकडं आमचे काका विचारत, "काऊन गा, ते आयकतच नाहीत का आपलं?"

लॅपटॉप जुना घेतलेला, इंटेलचा, त्यावर डेबियन ११ दुसऱ्या एका दुकानदारानं टाकून दिलेलं. वायफाय, मराठी कीबोर्ड, प्रिंटर सगळं नीट, त्यावर काही लिहीत नाही.

घोडं अडलं ते एका ओळीपाशी. इंटरनेटवर "लिनक्समधे आवाज येत नाही" म्हणून शोधलं की जागोजागी हाच उपाय मिळते, की ईटीसी मधल्या मॉडप्रोब डॉट डी फोल्डरमधे एक फाइल करा आणि त्यात साउंडच्या ड्रायव्हरला (आवाजाचं हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामला) डीमिक-डिटेक्ट=०, म्हणजे डिजिटल माइक शोधू नको, असं लिहा. माझ्या लॅपटॉपमधे ती ओळ आधीच होती, दुकानदारानं टाकलेली. त्या ओळीनं स्पीकर वाजतो, म्हणून सगळे खूश होतात आणि पुढं दुसऱ्याला तेच सांगतात, पण त्याच ओळीनं आतला माइक जातो हे कोणीच लिहीत नाही, याचा मला अजूनही राग येतो. अलीकडच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपमधे आतला माइक डिजिटल असतो, तो जुन्या साउंड चिपला जोडलेलाच नसतो, तो सरळ इंटेलच्या ऑडिओ प्रोसेसरकडं जातो. बायोसमधल्या (लॅपटॉप सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्राममधल्या) माहितीवरून कर्नेलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, कळते की इथं डिजिटल माइक आहे, मग तो एसओएफ नावाचा नवा ड्रायव्हर घेतो. ती ओळ ही तपासणीच बंद करते आणि जुना ड्रायव्हर चालवते. म्हणजे डीपीवर लाइन आहे पण घरचं मेन स्विच पाडून ठेवलेलं. हेडफोनचा माइक जुन्या चिपवर असतो म्हणून तो चालतो, आणि त्यामुळंच दुकानवाल्याला वाटते की आतला खराब झाला.

मग मी ती ओळ काढली, लॅपटॉप रीस्टार्ट केला, तर होता तो स्पीकरही गेला! सेटिंगमधे नुसतं 'डमी आउटपुट'. इथंच बहुतेक लोक घाबरून ती ओळ परत टाकत असतील. टाकू नका. हे दिसलं म्हणजे तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात, नव्या ड्रायव्हरला फक्त त्याचं फर्मवेअर, म्हणजे ऑडिओ प्रोसेसरमधे चढवायचा प्रोग्राम, मिळत नाही आहे. टर्मिनलमधे सुडो (ॲडमिनचा अधिकार) लावून डी एम ई एस जी ही कर्नेलच्या नोंदी दाखवणारी कमांड चालवा आणि त्यात एसओएफ शोधा. मला तिथं फर्मवेअर लोड झालं नाही आणि एरर -२ असं दिसलं, -२ म्हणजे ती फाइलच डिस्कवर नाही. वायफायचं फर्मवेअर दुकानदारानं टाकलं होतं, आवाजाचं राहिलं होतं.

पॅकेजचं नाव फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड. डेबियन ११ मधे ते नॉन-फ्री (पूर्ण मुक्त नसलेल्या सॉफ्टवेअरच्या) विभागात आहे, म्हणून सोर्सेस लिस्टमधे, म्हणजे पॅकेज कुठून घ्यायचं त्या यादीत, मेनच्या पुढं नॉन-फ्री लिहायचं, मग ॲप्ट अपडेट, मग इन्स्टॉल. (त्याचा सोर्स कोड खुला आहे पण तयार फाइलवर इंटेलची डिजिटल सही लागते, म्हणून ते त्या विभागात.) आमच्याकडं नेटवर्क कधी असते कधी नसते, मी मोबाइल यूएसबीनं जोडून टेदरिंगवर उतरवलं. ज्यांना नव्यानंच टाकायचं आहे त्यांनी सरळ जून २०२३ मधे आलेलं डेबियन १२ किंवा त्यानंतरचं घ्यावं, त्यात असं फर्मवेअर इन्स्टॉलरमधेच आहे, ही कटकटच नाही.

रीस्टार्ट केल्यावर स्पीकर आला आणि एरेकॉर्ड डॅश एल या माइकची यादी दाखवणाऱ्या कमांडमधे 'डीमिक' लिहिलेली ओळ आली. खरं म्हणजे ही कमांड सगळ्यात आधी चालवायची, तिथं फक्त 'ॲनालॉग' दिसत असेल तर तुमचंही हेच दुखणं असू शकते. मला इतका आनंद झाला की त्याच रात्री काकांना फोन करून सांगितलं.

पहिल्या मीटिंगला आवाज बारीक जात होता. टर्मिनलमधे अल्सामिक्सर (आवाज कमी-जास्त करायचा प्रोग्राम) उघडून एफ६ नं कार्ड निवडा, एफ४ नं कॅप्चर, तिथं डीमिक० वर करा, पण पूर्ण वर नको, कूलरची घरघर पण जाते. पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोलमधे इनपुटला डिजिटल मायक्रोफोन निवडलेला आहे का तेही पाहा, कारण कधी कधी तो हेडसेटवरच अडकून राहतो.

आणि हो, एक राहिलंच. काही लॅपटॉपच्या बायोसमधे माइक बंद करायची सोय असते आणि काहींच्या कीबोर्डवर माइक म्यूटचं बटण असते, जुना लॅपटॉप घेतला असेल तर हे दोन्ही आधी पाहून घ्या, मग बाकीचं.