‘तांद’ कुठे संपतो, ‘आर्त्स’ कुठे सुरू होतो

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला येऊन चार वर्षं झाली तरी ऑफिसात माझं इंग्रजीवर भागत होतं. मग नागरिकत्वासाठी ए२ पातळीची, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवर प्राथमिक डचची परीक्षा द्यायचं ठरलं आणि संध्याकाळच्या डच वर्गात नाव घातलं.

व्याकरणाने फार छळलं नाही. छळलं ते जोडशब्दांनी. डच लोक समास सलग लिहितात, मध्ये ना जागा ना रेघ. दाताच्या डॉक्टरची वेळ घ्यायला फोन केला आणि ‘तान-दार्त्स’ म्हणालो. पलीकडून दोनदा “काय?” आलं. शब्द आहे ‘तांद’ म्हणजे दात, अधिक ‘आर्त्स’ म्हणजे डॉक्टर. तोडायचा सांध्यावरच. शिवाय शेवटचा ‘द’ डच तोंडात ‘त’ होतो, म्हणून ‘तांत-आर्त्स’. अनेकवचनात, ‘तांदन’ म्हणताना, तोच ‘द’ परत हजर! शिकवणाऱ्या बाईंनी विचारलं, तुमच्याकडे असं काही नाही का? मला ‘देवघर’ आठवलं. आपण कुठे ‘दे-वघर’ म्हणतो? पण नवख्याला नुसतं वाचून ते कसं कळावं.

मग आघात, त्यांचा ‘क्लेमतोन’. जोर बहुतेक वेळा पहिल्या शब्दावर. पण त्याच्या पहिल्या अक्षरावरच असं नाही. त्या शब्दाचा मुळात जिथे असेल तिथे. हे मला एका जुन्या सामानाच्या जाहिरातीने शिकवलं. विकायला होतं मालिशचं टेबल, ‘मासाझ-बेत’, जोर ‘सा’वर. मी वाचलं ‘मासा-खबेत’, जोर ‘मा’वर. म्हणजे सामूहिक प्रार्थना, तीही सेकंडहँड! रोमन अक्षरं दोन्हीकडे तीच. एकच ‘जी’ एकीकडे ‘झ’, दुसरीकडे घशातला ‘ख’. त्यानंतर महिनाभर भांडी घासताना टाळ्या वाजवत शब्द म्हणत होतो. बायको वैतागली.

नियम हाती लागल्यावर तो सगळीकडे लावत सुटलो. ‘स्तातहाउस’ म्हणजे नगरपालिकेची इमारत. मी जोर दिला ‘स्तात’वर. बाईंनी मान हलवली. इथे तो ‘हाउस’वर. ‘बुर्खमेस्तर’, म्हणजे महापौर, त्यातही ‘मेस’वर. का, विचारलं तर म्हणाल्या, तसंच म्हणतात.

बोलण्याची परीक्षा संगणकासमोर हेडफोन लावून असते. दुसऱ्या खेपेला सुटलो. परवा पत्र आलं: शपथविधी स्तातहाउसमध्ये, बुर्खमेस्तरांच्या हस्ते. दोन्ही अपवाद एकाच ओळीत.