यंदा येताय ना?

सप्टेंबर उजाडला की फोन येतो. कधी शाळेतल्या सहकाऱ्याचा, कधी वनखात्यात लागलेल्या माझ्याच जुन्या विद्यार्थ्याचा. ‘‘मॅडम, यंदा येताय ना अकराला? तुमचे वडील तर जंगलातच गेले. तुम्हीच नसता, बरं दिसत नाही.’’ मी शाळा आहे म्हणते, पाऊस आहे म्हणते. एका वर्षी पाय मुरगळल्याचं सांगितलं आणि मग दोन दिवस लंगडत फिरावं लागलं. तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते.

११ सप्टेंबर हा राष्ट्रीय वनशहीद दिन, २०१३ पासून पाळतात. तारीख राजस्थानातल्या खेजडली गावची. १७३० साली जोधपूरच्या महाराजाची माणसं तिथं खेजडीची झाडं तोडायला आली, अमृतादेवी झाडाला बिलगली आणि तिच्यासह ३६३ बिष्णोई मारले गेले. मी हे दरवर्षी पोरांना सांगते आणि सांगताना माझा गळा दाटतो, खोटं नाही. पण त्या गोष्टीत माझ्या बाला कुठे उभा करू? बा झाडाला बिलगणाऱ्यांतला नव्हता. कुऱ्हाड घेऊन आलेल्यांतला होता. सरकारनेच तोडीसाठी आखलेल्या जंगलाच्या तुकड्यात, म्हणजे कुपात, सरकारनेच हातोड्याने खूण मारून दिलेलं सागाचं झाड तोडताना तो गेला.

माझा कार्यक्रमावर राग आहे असं समजू नका. कामावर असताना मेलेल्या वनकर्मचाऱ्यांची तिथं वाचतात ती नावं खरीच आहेत. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या कामावर असताना वनरक्षक स्वाती ढुमणे यांना वाघिणीने मारलं, तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नव्हतं. त्यांच्यासोबत मजूरही होते. वाघीण त्यांच्यातल्या एखाद्यावर आली असती तर त्याचं नाव वाचलं असतं का, हा विचार त्याही वेळी माझ्या डोक्यात आला. एक बाई मेली आणि मी हिशेब करत बसले, म्हणून स्वतःचीच लाजही वाटली.

एकदा गेले होते, २०१६ साली. दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिलो, नावं वाचली, चहा झाला, निघताना काळ्या पिशवीतलं एकेक रोप दिलं. माझ्या वाट्याला साग आला. ते रोप मी एसटीत सीटखाली ठेवलं आणि उतरताना विसरले. विसरले, असं मी आजवर सांगत आले आहे.

आता जानेवारी १९९४ चं सांगते.

कूपकटाईचं काम जंगल कामगार सोसायटीकडे होतं. सोसायटीचा सभासद बा नव्हता, त्याचा मोठा भाऊ होता. आम्ही त्यांना मोठेबा म्हणतो. त्या हंगामात मोठेबाचा गुडघा सुजला, म्हणून आरा ओढायला बा गेला. हजेरीच्या मस्टरवर नाव मोठेबाचं, अंगठाही मोठेबाच गुरुवारी जाऊन लावून यायचे, पैसे बाच्या हातात. यात लपवाछपवी काही नव्हती. मुकादमाला माहीत, सगळ्या टोळीला माहीत.

तोडायच्या झाडाची साल दोन ठिकाणी छिलून नंबर टाकतात, एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी जमिनीलगत, झाड गेलं तरी खुंटावर नंबर राहावा म्हणून. बाच्या झाडाचा नंबर १४३. झाड जिकडे पाडायचं तिकडच्या अंगाला त्याने कुऱ्हाडीने खाप घेतली, मग दोघांनी मागून आरा लावला. झाड पडलंही बरोबर खापेच्या बाजूला. त्याच्या कामात काही चुकलं नव्हतं, हे मला टोळीतल्या चौघांनी वेगवेगळं सांगितलंय आणि मी ते चौघांनाही परत परत विचारलंय. पण सागाचा शेंडा आणि शेजारच्या ऐनाचा शेंडा पळसवेलीने एकमेकांना बांधलेले होते. अशा वेली आदल्या हंगामातच तोडून ठेवायच्या असतात, म्हणजे वाळून सुटतात. त्या कुपात कुणी तोडल्या नव्हत्या. साग जाता जाता वेलीने ऐनाची वाळकी फांदी ओढून आणली. सगळे पडणाऱ्या सागाकडे बघत होते. बासुद्धा.

बंडीत घालून आणलं. मी सहावीत होते. मला रक्तापेक्षा त्याच्या केसांतला आऱ्याचा भुसा आठवतो, ओला होऊन चिकटलेला. माय तो एकेक करून काढत होती, घाई नसल्यासारखी.

संध्याकाळी मुकादम आणि सोसायटीचा बाबू मस्टर घेऊन आले. ओसरीवर कंदील होता. बाबूने बोट फिरवत नाव शोधलं आणि समोर बसलेल्या मोठेबाकडे बघून म्हणाला, ‘‘कागदाप्रमानं तं हा मेला.’’ कुणी हसलं नाही. मग मुकादमाने तोड काढली. तशीच घालू म्हणाला. मोठेबा मेले असं लिहायचं, त्यांनी सहा-आठ महिने तेलंगणाकडे नातेवाइकांत राहायचं, भरपाई मोठीमायच्या नावाने निघेल, ती आणून मायला द्यायची. कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा तेव्हाही होता, पण कायद्यालाही नाव लागतं ना.

मोठेबा म्हणाले, ‘‘लिवा. मी मेलो असं लिवा.’’

माय आतून बाहेर आली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, ‘‘मंग माहा मानूस जिता हाय का?’’ त्यावर कोण काय बोलणार? तिला बऱ्याच जणींनी समजावलं. ती एवढंच म्हणायची, ‘‘तो मेला तं त्याच्या नावानं मेला पायजे.’’

बाबू मस्टर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी पोलिसांपुढे जबाब झाला: इसम सरपण आणण्याकरिता जंगलात गेला असता अंगावर वाळकी फांदी पडून मयत. जबाबाखाली अंगठा मोठेबाचा. खरं सांगितलं असतं तर मोठेबा, मुकादम आणि सगळी टोळीच अडकली असती, हे मला आज कळतं. तेव्हा कळलं नाही, पुढे वीस वर्षं कळवून घ्यायचं नव्हतं.

त्या वीस वर्षांत माझा खरा राग मायवर होता. पैसे आले असते तर धाकट्याची शाळा सुटली नसती. एका कागदावरच्या नावापायी तिने आम्हाला उपाशी ठेवलं, असं मी तिला तोंडावर बोलले आहे, लग्नानंतर, चांगली नोकरी असताना. ती म्हणाली, ‘‘असंल.’’ आता मला तिचं पटतं, असं लिहिलं की वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण महिन्यातून एखादा दिवस पटतं, बाकी दिवस धाकटा दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवताना दिसतो.

आणि मायचीही सगळी गोष्ट सरळ नाही. वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला तर आता पंचवीस लाख मिळतात, हे टीव्हीवर ऐकून ती म्हणाली होती, ‘‘त्याले वाघानं काहून नाई नेलं?’’ मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायकांना एकाच दिवशी वाघिणीने मारलं. ती बातमी लागली तेव्हा मायने स्वतः उठून टीव्ही बंद केला.

मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी आपल्याकडचा साग गेला. बल्लारपुरात काय थाट होता, तुम्हीही पाहिलात. मीही रस्त्याच्या कडेला उभी राहून फुलं टाकली. फक्त ट्रक जवळून जाताना लाकडाच्या तोंडावर नंबर दिसतो का, ते वाकून बघत होते.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते. तीन वर्षांपूर्वी एका साहेबांनी, खरंच भला माणूस, मला बोलावून घेतलं. रोजंदारीवर गेलेल्यांचीही नावं घेऊ म्हणाले, एखादा कागद आणा, कसलाही चालेल. पंचनाम्याची आणि जबाबाची नक्कल आमच्याकडे आहे, मायच्या पेटीत, लुगड्याखाली. मी ‘‘कागद काहीच नाही, साहेब’’ म्हणाले. म्हणजे माझ्या बाचं नाव कुणी यादीतून गाळलेलं नाही. मीच दिलं नाही. त्या कागदावर तो सरपण आणायला गेलेला आहे, आणि खालचा अंगठा ज्याचा आहे तो माणूस अजून आमच्या ओसरीवर बसतो. तुम्ही फोनवर ‘‘बरं दिसत नाही’’ म्हणता तेव्हा हे सगळं एका दमात कसं सांगू?

मोठेबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. यंदा तुमचा फोन आला तेव्हा शेजारीच होते. कशाचा फोन, विचारलं. मी सांगितलं, जंगलात मेलेल्यांची नावं वाचतात, तिथं बोलावतात. बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘मले घेऊन चाल. माहं नाव घेतलं तं हजर म्हनीन.’’

अजून काही ठरवलेलं नाही.