सदाकोची चाल

श्रावण अमावास्या, रात्र

‘रिंगू’चा शेवट आज पुन्हा फ्रेम-फ्रेम करून पाहिला. हिदेओ नाकाताचा १९९८ चा जपानी भयपट. चित्रपटातल्या टीव्हीच्या पडद्यावर विहीर दिसते, तिच्या काठावर हात येतो, सदाको, म्हणजे त्या विहिरीत मेलेल्या मुलीचं पांढऱ्या वस्त्रातलं भूत, बाहेर पडते आणि पुढे चालू लागते. त्या चालीत काहीतरी बिनसलेलं आहे हे लगेच जाणवतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही. युक्ती साधी आहे: अभिनेत्रीला उलट्या पावली चालायला लावून चित्रण केलं आणि फिल्म उलटी चालवली. त्यामुळे पाऊल पुढे पडतं, पण अंगाचा तोल मागे जाणाऱ्या माणसाचा राहतो. मग ती पडद्यातून खोलीत सरपटत येते. जमिनीवर टेकलेल्या बोटांना नखं नाहीत, विहिरीच्या भिंती ओरबाडताना गेलेली. चेहरा केसांआडच राहतो, दिसतो फक्त एक डोळा. २००२ च्या अमेरिकी आवृत्तीत मुलीचा चेहरा दाखवला, आणि माझ्या मते तिथेच भीती सुटली. चेहरा दिसला की मेकअपही दिसतो.

हे केस, हे पांढरं वस्त्र कुठून आलं? अन्यायानं मेलेल्या माणसाचं, बहुधा बाईचं, सूडाचं भूत, जपानीत ‘ओनर्‍यो’. १८२५ साली एदोत (आजचं टोकियो) रंगलेल्या ‘योत्सुया काइदान’ या काबुकी, म्हणजे पारंपरिक जपानी शैलीतल्या, नाटकात विषानं चेहरा विद्रूप झालेली ओइवा केस विंचरते आणि केसांचे पुंजके हातात येतात. पांढरं वस्त्र प्रेताला नेसवण्याचं. तिथल्या जुन्या चित्रांत भुतांना बहुधा पाय नसतात. आपल्या हडळीचे पाय उलटे. दोन्हीकडे भूत ओळखायचं ते पायांवरून, हे मला फार विलक्षण वाटतं.

कियोशी कुरोसावाच्या ‘काइरो’त (२००१) तर फक्त चालणं आहे. एक बाई खोलीच्या टोकाकडून संथपणे येते आणि मध्येच तिचा तोल जातो, पडते की काय असं वाटतं, मग सावरून ती तशीच पुढे येत राहते. ना दचकवणारा ठोका, ना किंकाळी. पाहणाऱ्याला पळायला भरपूर वेळ आहे, आणि म्हणूनच पाय हलत नाहीत.

ताकाशी मिइकेचा ‘ऑडिशन’ (१९९९) बराच वेळ विधुराच्या दुसऱ्या लग्नाची सौम्य गोष्ट म्हणून चालतो. मग एक जवळजवळ रिकामी खोली. मान खाली घालून बसलेली मुलगी, केस पुढे, शेजारी फोन, मागे एक बांधलेलं पोतं. फोन वाजतो आणि पोतं उसळतं. शेवटच्या छळाच्या प्रसंगाची चर्चा जास्त होते, पण मन कायमचं अस्वस्थ करतं ते हे पोतं.

हे सगळं घरच्या टीव्हीवर सहज वाया जातं. मोशन स्मूदिंग (दोन फ्रेम्सच्या मध्ये टीव्हीनं स्वतः बनवलेल्या फ्रेम्स घालणं) चालू असेल तर सदाकोची चाल गुळगुळीत होते. ब्राइटनेस वाढवला की काळे कोपरे राखाडी होतात आणि तिथे काही दडलेलं वाटत नाही. आवाजाचा नाइट मोड तर आधी बंद करावा: तो हळू आवाज वर आणि मोठा आवाज खाली ओढतो, मग शांतता शांतता राहत नाही. डबिंग नको, सबटायटल्स घ्यावीत. आवाज एवढाच ठेवावा की साधं बोलणं जेमतेम ऐकू यावं. पोत्याचा हिसका तेव्हाच बसतो.